एकक लिहिलं का?

(दहावी ‘ब’, १९९५ च्या स्नेहमेळाव्यातलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेलं)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि वर ताकीद दिली आहे की गमती सांग, रडवू नकोस. मी प्रयत्न करते. पण मला बोलायचंय ते गेल्या वर्षीच्या वादळाबद्दल, १३ मे २०२४ च्या. आपल्यापैकी बरेच जण अजून घाटकोपर, मुलुंड, भांडुप, विक्रोळीतच राहतात, त्यामुळे त्या दिवशी आपण प्रत्येक जण कुठे होतो हे प्रत्येकाला आठवतं. पण सुरुवात शाळेतूनच करते, म्हणजे आयोजकांचा शब्दही राहील.

नववीत सर आपल्याला विज्ञान शिकवायचे. सरांच्या लाल पेनची आठवण नाही असा इथे कुणी नसेल. उत्तर बरोबर असलं तरी त्यापुढे एकक लिहिलं नसेल तर सर अर्धा गुण कापायचे आणि समासात लिहायचे, ‘एकक?’ एका चाचणीत माझे असे साडेचार गुण गेले होते. वर्गात कुणीतरी उत्तर दिलं, “सर, आगगाडीचा वेग साठ.” सर म्हणाले, “साठ काय? साठ केळी?” तो विद्यार्थी आज तिसऱ्या रांगेत बसलाय, हसतोय बघा.

दुसरी आठवण वर्गाच्या दाराची. तरफ शिकवताना सरांनी आपल्याला दारापाशी रांगेत उभं केलं. आधी कडीजवळ एका बोटाने दार ढकलायला लावलं. दार सहज हललं. मग बिजागरीपाशी ढकलायला सांगितलं. आपल्यातले दोन तगडे गडी दात-ओठ खात ढकलत होते आणि दार जागचं हलेना. सर म्हणाले, “जोर तोच. कुठे लावला ते महत्त्वाचं.” ही दोन्ही वाक्यं मी परीक्षेसाठी पाठ केली आणि पुढे इंजिनिअरिंगची पदवी घेतली. ती मला खरी कळली वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एका रात्री.

त्या सोमवारी मी मुलुंडच्या घरून काम करत होते. चारच्या सुमारास खिडकीबाहेरचा उजेड आधी पिवळा झाला, मग मातकट, आणि मग दिवे लावावे लागले. भर मे महिन्यात, दुपारी चार वाजता तिन्हीसांजेसारखा अंधार. वारा आला तो आवाजासकट. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून एक निळी ताडपत्री उडाली आणि पतंगासारखी रेल्वेकडे गेली. खिडक्या लावेपर्यंत दाताखाली धूळ कचकच करायला लागली. मीटिंगमधली पुण्याची मुलं विचारत होती, “मॅडम, तुमच्याकडे काय चाललंय?” तेवढ्यात वीज गेली.

त्या तासाभरात काय काय झालं ते आपल्याला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. ठाणे आणि मुलुंडच्या मधे ओव्हरहेड वायरचा खांब वाकला आणि लोकल थांबल्या. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोच्या तारेवर कापडी बॅनर येऊन पडला. विमानतळ तासाभराहून अधिक बंद राहिला. वडाळ्याला पार्किंग टॉवरचा लोखंडी सांगाडा रस्त्यावर कोसळला. आणि आपल्या घाटकोपरमध्ये, छेडानगरजवळ, पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेचं ते प्रचंड होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं. पंपाच्या छताखाली गाड्या होत्या आणि पावसासाठी आडोशाला उभी राहिलेली माणसं होती. १७ जण गेले, सत्तरहून अधिक जखमी झाले. त्यांच्यातला एकही जण कसलंही धाडस करायला गेला नव्हता. कुणी पेट्रोल भरायला थांबलं होतं, कुणी भिजू नये म्हणून.

माझी आई पंतनगरला राहते. तिचा फोन लागला तेव्हा ती म्हणाली, “मी बरी आहे, पण सगळ्या ॲम्ब्युलन्स एकाच दिशेने चालल्यात गं.” मग मी आपला ग्रुप उघडला.

ग्रुपवर आधी नेहमीचंच चाललं होतं. धुळीचे व्हिडिओ येत होते. कुणीतरी विचारलं, “मुंबईत टोर्नेडो आला काय?” मग पडलेल्या होर्डिंगचा पहिला फोटो आला आणि सगळे गप्प झाले. आपल्या मॉनिटरने, म्हणजे तिला आपण अजून मॉनिटरच म्हणतो, दोनच शब्द लिहिले, “हजेरी द्या.”

मग सुरू झालं. “१ हजर.” “४ हजर, कल्याणला अडकलोय, ठीक आहे.” “१७ हजर, मुलगी अजून यायची आहे.” “१७, मुलगी आली.” तीस वर्षांनी कुणालाही आपला हजेरी क्रमांक विचारावा लागला नाही. आठ नंबर अमेरिकेत टेनेसीला असते, तिथे सकाळचे सहा वाजत होते. तिने हजेरी दिली आणि टोर्नेडोच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. हा टोर्नेडो नव्हे, ती म्हणाली. टोर्नेडोमध्ये ढगापासून जमिनीपर्यंत हवेचा खांब गरगर फिरतो. आपल्याकडे झालं ते वेगळं. उन्हाने तापलेल्या दिवशी वादळी ढग उभा राहतो, त्यातला पाऊस खाली येताना वाटेतच सुकत जातो, त्याने हवा गार आणि जड होऊन धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. धुळीची जी भिंत आपण पाहिली ती त्या हवेची पुढची कड होती.

तिने पुढे एक गोष्ट लिहिली ती माझ्या लक्षात राहिली आहे. ३ मार्च २०२० ला मध्यरात्रीनंतर नॅशव्हिल शहरातून टोर्नेडो गेला. त्याच वादळातला दुसरा पहाटे दोनच्या सुमारास पुटनॅम काउंटीत शिरला आणि तिथे १९ माणसं गेली, बहुतेक आपापल्या घरात. रात्रीचा टोर्नेडो दिसत नाही आणि माणूस झोपलेला असतो, म्हणून तो जास्त मारतो. तिथे फोन मोठमोठ्याने किंचाळतो, भोंगे वाजतात, तरी कुणीतरी कुणाला तरी हलवून उठवावंच लागतं. “मी त्या रात्री शेजारणीचं दार बडवलं होतं,” तिने लिहिलं. “आता तुम्ही सगळे एकमेकांची दारं बडवा.”

संध्याकाळी सातपर्यंत ग्रुपवरच्या अडतीसपैकी सदतीस जणांची हजेरी लागली. तेवीस नंबरची लागली नाही.

तेवीस नंबर आज इथे आहे. मी त्याला विचारलं, तुझं नाव घेऊ का. तो म्हणाला, “नाव नको, नंबर सांग.” तर आपला तेवीस नंबर मालाचा छोटा टेम्पो चालवतो. त्याचा फोन बंद होता. त्याची बायको सांगत होती की तो दुपारी चेंबूरहून निघाला आणि डिझेल नेहमी त्याच बाजूला भरतो. आपल्यातले दोघे जण राजावाडी रुग्णालयात गेले. जखमींना तिथेच आणत होते. त्यांनी बाहेर लावलेली यादी वाचली, आत जाऊन विचारलं, परत यादी वाचली. दर अर्ध्या तासाने ग्रुपवर एकच शब्द यायचा, “नाही.” यादीत नाव नसणं चांगलं की वाईट, हे त्या रात्री कुणालाच कळत नव्हतं.

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी मॉनिटरच्या फोनवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला आणि तिने तो ग्रुपवर टाकला. “२३ हजर.”

तो पंपावर पोचलाच नव्हता. होर्डिंग पडलं तेव्हा त्याचा टेम्पो मागे रांगेत होता. तो उतरून धावला. आधीच्या काही मिनिटांत कडेला अडकलेल्या माणसांना बाहेर काढून रिक्षांत बसवणाऱ्यांत तोही होता. फोन कुठे पडला त्याला कळलं नाही. मग अग्निशमन दल आलं, एनडीआरएफ आलं, क्रेन आल्या. पत्र्याखाली पेट्रोल पंप होता, त्यामुळे ठिणगी उडण्याची भीती, गॅस कटर सहज लावता येईना. टनावारी लोखंड समोर आणि ते झटपट कापायची सोय नाही. हे काम अडीच दिवसांहून अधिक चाललं. तेवीस पहिल्या रात्री तिथेच थांबून पाणी वाटत होता, कारण टेम्पो बाहेर काढता येत नव्हता आणि, त्याच्याच शब्दात, “निघायला पाय उचलत नव्हता.” मी त्याला नंतर विचारलं, काय आठवतं. म्हणाला, “वास. आणि सगळे ओरडत होते की कुणी काडी ओढू नका.” याहून जास्त तो बोलत नाही आणि मी विचारत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तेवीस सापडला होता, तरीही. कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ती आज सांगते.

ते होर्डिंग मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. आईकडे आल्यावर चेंबूरला जायचं असेल तर आम्ही त्याच रस्त्याने जातो. एकदा माझा मुलगा गाडीच्या काचेला नाक लावून म्हणाला, “आई, हे पडत नाही का?” मी म्हणाले, “नाही रे, इंजिनिअर लोकांनी हिशोब केलेला असतो.” आणि मी फोनमध्ये डोकं घातलं. गाडीत एक इंजिनिअर होती, तिने हिशोब केला नव्हता. तो होर्डिंग उभारणाऱ्याने केलाय की नाही, हे विचारायचंही तिला सुचलं नव्हतं. प्रश्न पडला तो मुलाला.

तेव्हा त्या रात्री मी मेणबत्तीच्या उजेडात विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला. बातम्यांत आकार आला होता. होर्डिंग १२० फूट बाय १२० फूट. लिम्का बुकमध्ये नोंद झालेलं, एवढं मोठं. महापालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फूट. आपल्याला वाटतं, चाळीसचं एकशेवीस केलं म्हणजे तिप्पट झालं. सर, आता मी फळ्यापाशी आले असं समजा. बाजू तिप्पट. क्षेत्रफळ तीन गुणिले तीन, नऊपट. म्हणजे त्याच वाऱ्याचा धक्का नऊपट. आणि आता ते दार आठवा. होर्डिंग उंच झालं की वारा ढकलतो तोही तिप्पट उंचीवरून, बिजागरीपासून तिप्पट लांब. म्हणजे पायापाशी उलथवणारा जोर नऊ गुणिले तीन, सत्तावीसपट. तीन, नऊ, सत्तावीस. नववीतला हिशोब आहे. मला तो करायला चार मिनिटं लागली आणि १७ माणसं गेल्यानंतर मी तो केला.

पुढे काही महिन्यांनी तपासातले आकडे वर्तमानपत्रात आले. माटुंग्याच्या व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांनी तपासणी केली होती. त्यांच्या अहवालानुसार ते होर्डिंग ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्यापुरतंच होतं. त्या दिवशीचा वारा ताशी ८७ किलोमीटर. आणि मुंबईत बांधकामासाठी जो वारा धरावा असं भारतीय मानक सांगतं, तो सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. ४९, ८७, १५८.

हे आकडे वाचून पुष्कळ जण म्हणाले, हवं त्याच्या एक तृतीयांश ताकदीचं होतं. नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. त्या हिशोबाने ते होर्डिंग हवं त्याच्या एक दशांशसुद्धा ताकदीचं नव्हतं. ढोबळ आकडे सांगते. १२० बाय १२० म्हणजे साधारण १३३८ चौरस मीटर. ताशी ४९ च्या वाऱ्यात त्यावर सुमारे १५ टनांचा धक्का बसतो, ८७ च्या वाऱ्यात ४८ टनांचा, आणि १५८ च्या वाऱ्यात दीडशे टनांच्या पुढे. तेवीसच्या टेम्पोत एक टन माल बसतो. पंधरा टेम्पोंच्या वजनाइतका धक्का सोसेल अशा वस्तूला त्या दुपारी अठ्ठेचाळीस टेम्पोंच्या वजनाइतका धक्का बसत होता. आणि लक्षात घ्या, ते वादळ मुंबईने बघायलाच नको असं अघटित नव्हतं. मानकाने धरलेल्या वाऱ्याच्या जवळजवळ निम्म्या वेगाचंच होतं.

आता कुणाची चूक, कुणी परवानगी दिली, कुणी पाहिलं नाही, हे मी इथे बोलणार नाही. निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली गेली, पोलिसांनी तपास केला, न्यायालय आहे. ते त्यांचं काम. मला माझ्या वाटणीचं बोलायचंय.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझ्या हातून काही पडलं तर कुणी मरत नाही, हे माझं नशीब. पण पडतं. काही वर्षांपूर्वी आम्ही एका ग्राहकासाठी नोंदणीची यंत्रणा केली. त्यांनी विचारलं, एका वेळी किती माणसं आली तरी चालेल? मी म्हणाले, “भरपूर.” पहिल्या सकाळी दहा वाजता नोंदणी उघडली आणि दहा वाजून तीन मिनिटांनी यंत्रणा झोपली. मी चाचणी केली होती ती दोनशे माणसांची. आले काही हजार. ‘भरपूर’ हे काय उत्तर झालं? सरांनी शेजारी लाल पेनने लिहिलं असतं, ‘एकक?’

‘मजबूत आहे’ हेही तसलंच उत्तर आहे. ‘काही होत नाही हो’ हेही. ‘इतकी वर्षं उभं आहे’ हे तर त्याहून फसवं, कारण ते पुराव्यासारखं वाटतं. इतकी वर्षं उभं आहे याचा अर्थ एवढाच, की इतकी वर्षं तेवढा वारा आला नाही. साठ काय, साठ केळी? मजबूत म्हणजे ताशी किती किलोमीटरच्या वाऱ्याला मजबूत? आकडा सांगा आणि त्यापुढे एकक लिहा.

त्या वादळानंतर मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडलं. आमच्या गच्चीवर गळती थांबवायला पत्र्याची शेड आहे. बाराव्या मजल्यावर, खाली मुलांची खेळायची जागा. मी विचारलं, ही किती वाऱ्याला टिकेल? सेक्रेटरींनी कंत्राटदाराला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, आजपर्यंत एक पत्रा उडाला नाही.” मी म्हणाले, दादा, ते ठीक, पण किती? तो म्हणाला, “मजबूत आहे.” शेवटी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. त्याने पाहिलं तर काही खांब स्लॅबला धरलेलेच नव्हते, नुसते कठड्याच्या विटांत बोल्ट मारून उभे केले होते. ते काढून नीट बसवले. प्रत्येक घराला अडीच हजार रुपये आले. लिफ्टमध्ये लोक महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. शेजारच्या काकू म्हणाल्या, “तुला फार प्रश्न पडतात बाई.” मी म्हणाले, काकू, मला नाही, माझ्या मुलाला पडतात. मी नुसती ते पुढे नेते.

या वर्षी मेमध्येही वारे सुटले, शेड उभी राहिली. त्याबद्दल कुणी मला शाबासकी दिली तर मी घेत नाही. शेड टिकली हा पुरावा नव्हेच. पुरावा म्हणजे सोसायटीच्या फाइलमधला तो कागद, ज्यावर सहीशिक्क्यासह आकडा लिहिलाय, आणि त्यापुढे एकक.

आता मी मुद्द्यावर येते, आणि इथे काही जण माझ्यावर रागावणार आहेत.

आपण सगळ्यांनी वर्गणी काढून शाळेच्या दारावर कमान उभारायची ठरवली आहे. शाळेचं नाव, खाली ‘दहावी १९९५ च्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम’. मीही पैसे दिलेत आणि मला त्याचा आनंद आहे. पुढच्या महिन्यात ती उभी राहणार. तिचं चित्र ग्रुपवर आलं तेव्हा पहिल्यांदा ती दहा फूट रुंद होती. मग कुणी म्हणालं, रस्त्यावरून दिसली पाहिजे. मग कुणी म्हणालं, शेजारच्या शाळेची आपल्यापेक्षा उंच आहे. आता ती वीस फुटांची झाली आहे आणि वर दोन्ही बाजूंना पत्र्याचे फलक आले आहेत. बाजू दुप्पट म्हणजे धक्का चौपट आणि पायापाशी आठपट, एवढं आता तुम्हीच सांगाल. त्या कमानीखालून रोज दोन वेळा शाळेतली सगळी मुलं जाणार. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पालक आडोशाला त्याच कमानीखाली उभे राहणार, जसे आपले आई-वडील राहायचे.

मी आपल्या समितीला विचारलं, किती वाऱ्याला? उत्तर आलं, “अगं, फॅब्रिकेटर आपल्या ओळखीचा आहे.”

मित्रांनो, ओळख हे एकक नाही.

माझी विनंती एवढीच आहे. कमान हवी तेवढी सुंदर करा, पण आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया आणि खांब तपासून घेऊया. त्याचा खर्च मी आणि तेवीस मिळून देतो, आमचं ठरलंय. त्याने सांगितलं लहान करा, तर लहान करूया, रुसायचं नाही. आणि तयार झाल्यावर कमानीच्या एका खांबावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक छोटी पट्टी लावूया. कोणत्या वर्षी उभारली, कुणी तपासली, पुन्हा कधी तपासायची, आणि ताशी किती किलोमीटरच्या वाऱ्यासाठी. नववीतली मुलं तिच्यासमोर उभी राहून भांडू देत, वर्ग म्हणजे काय आणि घन म्हणजे काय. शाळेला याहून चांगली भेट मला सुचत नाही.

वादळ आल्यावर आपण काय करतो ते आपण बघितलंय. आपण एकमेकांना हाका मारतो. आपण रात्री रुग्णालयाच्या दारात उभं राहून याद्या वाचतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी अंधेरीहून घाटकोपरला रात्रभर चालत आले होते. साकीनाक्याला गळ्यापर्यंत भिजलेल्या अनोळखी बायकांनी माझा हात धरून मला पुढे नेलं. या शहराला हे उत्तम येतं. सगळे त्याचं कौतुक करतात आणि ते खरंही आहे. पण मला आता त्या कौतुकाची थोडी भीती वाटते. वादळानंतर ‘कुठे आहेस’ विचारायला आपण सगळे धावतो. वादळाआधी ‘किती’ हा एक शब्द विचारायला आपल्याला संकोच वाटतो. वाटतं, समोरच्याला राग येईल, आपण शहाणपणा करतोय असं दिसेल, ओळखीचा माणूस आहे. त्या १७ जणांसाठी हजेरी घेणारे ग्रुप होतेच की. त्यांचेही मित्र फोन लावत होते. कमी पडली ती हजेरी नाही. कमी पडला तो आधीचा प्रश्न.

मुलाला मी ते बिलाच्या पाठीवरचं गणित दाखवलं. तीन, नऊ, सत्तावीस. तो आता दहावीत आहे. बघून म्हणाला, “आई, मग तेव्हा तू का म्हणालीस की हिशोब केलेला असतो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला सांगितलं की मी चुकले. बाई, तुम्ही आम्हाला निबंधात शिकवायचात की शेवटी उपदेश करू नये, तेव्हा थांबते.

सर, तुमच्यासाठी एक गोष्ट आणली आहे. सोसायटीच्या त्या दाखल्याची ही प्रत. वाऱ्याचा वेग, ताशी १५८ किलोमीटर. एकक लिहिलंय, सर. तीस वर्षं उशीर झालाय, तरी जमलं तर तो अर्धा गुण परत द्या.

आणि मॉनिटर, आजची हजेरी घ्यायची राहिली आहे. मी सुरू करते.

३१ हजर.